चुकीची आई

९ जानेवारी

ताई,

नमस्कार घे आणि लगेच पुढे वाच, कारण सांगण्यासारखे इतके साचले आहे की तुमच्याकडच्या खुशालीची चौकशी करायला कागद पुरणार नाही. बाळ आता मान धरू लागले असेल. पाहिलेस? न बघताही मला सांगता येते. मुले साधारण कोणत्या महिन्यात काय करू लागतात, हे आम्हाला पाठच असते.

मागच्या पत्रात तू विचारले होतेस, "शिकून झालं ना तुझं? मग अजून तिथे काय करतेस?" नीट समजावून सांगते. शिकणे संपले, आता शिकवायला शिकते आहे, आणि ही दोन कामे अगदी वेगळी. आमच्या मुख्य बाई (तुझ्या वेळच्याच, फक्त केस पांढरे झाले आहेत) सांगतात की मुलांना शब्द आधी देऊच नये. वस्तू आधी, शब्द नंतर. गेल्या आठवड्यात लहान वर्गाला मी 'सच्छिद्र' शिकवले. शब्द तोंडातून काढलाच नाही. पाण्याने भरलेल्या घंगाळात वीट सोडली, बुडबुडे आले. मग काचेचा तुकडा सोडला, काही आले नाही. विचारले, विटेतून काय निघाले? हवा. ती कुठे बसली होती? भोकांत! तेव्हा कुठे मी शब्द फळ्यावर लिहिला, आणि तो त्यांना इतका आपला वाटला, जणू त्यांनीच शोधला. एक मुलगी आनंदाच्या भरात आपल्या भाषेत "अगं बाई!" म्हणाली. तिचे तोंड साबणाने धुवावे लागले. शाळेत सरकारी भाषाच बोलायची, हा नियम तुझ्या वेळी होता तसाच आहे. आता ते काम माझ्याकडे आहे.

आता मुख्य गोष्ट. शाळेच्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे पुढच्या महिन्यात, आमच्यापैकी एकीलाच शिक्षिका म्हणून ठेवणार आहेत. त्यासाठी प्रत्येकीने तपासनीस साहेबांसमोर एक नमुना पाठ द्यायचा. साहेब समुद्रापलीकडून आलेले. आपल्या भाषेतला त्यांना 'पाणी' हा एकच शब्द येतो, तोही नोकराला हाक मारण्यापुरता. जिची निवड होणार नाही ती घरी. माझ्यासाठी 'घरी' म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. आई काथ्या वळते त्या दोरखान्याचा मुकादम. त्याची पहिली बायको गेली, दुसरी गेली, आणि तो आईला रोज विचारतो, "धाकटीची शाळा संपली का?"

माझी खरी स्पर्धा 'घंटे'शी आहे. शाळेची घंटा तीच वाजवते आणि बोलतेही तशीच, म्हणून हे नाव. साहेबांच्या टोपीतून आम्ही विषयाच्या चिठ्ठ्या उचलल्या. तिला 'कंदील' मिळाला. मला 'बालकाचे स्नान'.

तू म्हणशील, सोपे आहे. कंदील टेबलावर ठेवता येतो, ताई. बाळ कुठून आणू?

तुझी धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

बाळाला घेऊन येतेस हे वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरले आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण तुझा दुसरा प्रश्न, "आई कशाला हवी?", त्याचे उत्तर जरा विस्ताराने द्यावे लागेल.

योग्य गोष्ट एकटी शिकवता येत नाही. विटेशेजारी काच नसती तर बुडबुड्यांचे कुणाला काय वाटले असते? त्याचप्रमाणे योग्य स्नानाशेजारी अयोग्य स्नान पाहिजे. ते बाहुलीकडून होत नाही, आणि एखाद्या विद्यार्थिनीला मुद्दाम चुकायला सांगितले तर ते नाटक वाटते. चूक खरी हवी. जिला आपण चुकतो आहोत हे माहीत नाही, अशा बाईच्या हातून व्हायला हवी. मी खूप विचार केला आणि माझ्या डोळ्यांसमोर आईच आली. तुला आठवते ना, ती कशी पाय पसरून बसते, नडग्यांवर बाळाला पालथे घालते आणि वरून लोटीने पाणी ओतते? इतके स्पष्ट, इतके सर्व बाजूंनी दिसणारे उदाहरण मला शोधूनही सापडले नसते.

हा भाग आईला वाचून दाखवू नकोस.

तिला एवढेच सांग की आपल्या गल्लीत बाळांना कसे न्हाऊ घालतात हे साहेबांना पाहायचे आहे. हे खोटे नाही. तिने दोरखान्यातून निघताना जशी असते तशीच यावे. धुवट कपडे घालून आली तर सगळा पाठ फुकट जाईल. काथ्या वळून तळहातांना जे घट्टे आणि ज्या चिरा पडल्या आहेत, त्यांना तेल लावू नये. नखे कापू नयेत. शाळेत येताना ती नेमकी कापून येईल, म्हणून लक्ष ठेव.

पाठ सरकारी भाषेत होईल, त्यामुळे आईला वाईट वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

तुझी धाकटी

२० फेब्रुवारी

ताई,

जागा मला मिळाली! तू शेवटपर्यंत थांबली नाहीस, म्हणून क्रमाने सांगते.

आई व्यासपीठावर जमिनीवर बसली. तिने साहेबांना वाकून नमस्कार केला आणि मला हळूच विचारले, "ह्यांच्यासमोर पाय पसरू? बरं दिसेल का?" मी म्हटले, "पसर, तेच पाहायचंय त्यांना." मग तिने बाळाला घेतले. ताई, तिच्या हातात तो एकदाही रडला नाही, आणि खरे सांगते, त्या क्षणी मला धास्ती वाटली, कारण पाठाच्या दृष्टीने त्याने रडायला हवे होते.

मी मुलींना विचारले, "या आईचे काय चुकते आहे?" हात वर झाले. पाणी मोजून तापवलेले नाही. बाळाचे डोके आधाराशिवाय आहे. तळहात खरखरीत आहेत. नखे कापलेली नाहीत. फडके मळके आहे. एकेक दोष मी फळ्यावर लिहीत गेले, आणि दर दोषाला आई मान वर करून हसली, कारण मुली तिच्याकडे बोट दाखवत होत्या.

"काय म्हणतायत गं पोरी?" तिने विचारले.

"कौतुक करतायत तुझं."

"एवढं? फळा भरला की."

नंतर तेच बाळ घेऊन मी टेबलावरच्या पांढऱ्या टबात, पाण्याची उष्णता पाऱ्याच्या नळीने मोजून, योग्य स्नान घातले. तो टाहो फोडून रडला, पण ते आरोग्याचे लक्षण असल्याचे मी स्पष्ट केले. टाळ्या पडल्या. सर्वांत आधी टाळी आईने वाजवली. साहेब मुख्य बाईंना म्हणाले, "अशी अस्सल बाई कुठून मिळाली?" मुख्य बाईंनी सांगितले, "ही हिचीच आई." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ही मुलगी पुढे जाईल." घंटेच्या कंदिलाची काच तिच्या पाठात तडकली होती, पण ती नसती तडकली तरी निकाल हाच लागला असता.

तू दाराशी टॉवेल घेऊन उभी होतीस. तुला सगळे कळत होते हे मला माहीत आहे. चार इयत्ता तू याच खोलीत बसली आहेस. फळा भरत गेला तसा तू टॉवेल घडी करत गेलीस, आणखी घडी, आणखी घडी, इतका लहान की बाळाचे अंग पुसायला तो पुन्हा उलगडावा लागला. मग बाळाला घेऊन निघून गेलीस. अभिनंदनाचा एक शब्द नाही. तरी तू आईला काही सांगितले नाहीस याबद्दल मी आभारी आहे.

तुझी धाकटी

१४ जुलै

ताई,

तुझी उत्तरे येत नाहीत, तरी लिहिते, कारण कुणालातरी समजावून सांगितल्याशिवाय मला स्वतःलाच गोष्टी नीट समजत नाहीत.

माझा पाठ साहेबांना इतका आवडला की प्रांतातल्या सगळ्या मुलींच्या शाळांतून तो फिरवायचा हुकूम निघाला. मी आता फिरती शिक्षिका आहे. एक वर्ष पाठ नीट चालला तर नेमणूक कायम. आईला दोरखाना सोडायला सांगितले तेव्हा ती लगेच उठली. मुकादमाला म्हणाली, "सरकारने मला पोरं न्हाऊ घालायला ठेवलंय. तुमचे दोर तुम्हीच वळा." आगगाडीत शेजारच्या बायकांनाही ती हेच सांगते. एकीने विचारले, "मग सरकारला न्हाऊ कोण घालतं?" यावर दोघी इतक्या हसल्या की मला खिडकीकडे तोंड वळवावे लागले.

दर गावी शाळेजवळच्या अनाथालयातून बाळ आणतात. शाळा सगळ्या एकसारख्या. तीच बाके, तोच नकाशा, भिंतीवर राणीचे तेच चित्र.

पण एक अडचण उभी राहिली आहे आणि ती अभ्यासण्यासारखी आहे. आई सुधारू लागली आहे.

हेतू काही नाही. माझे योग्य स्नान ती रोज पाहते, आणि हात आपोआप शिकतात. आधी तिने बाळाच्या मानेखाली हात घातला. मी तिकडे दुर्लक्ष केले. मग पाणी ओतण्यापूर्वी कोपर बुडवून पाहिले. परवा तर फडके झटकून, उलटून, स्वच्छ बाजू वर केली! मुलींनी हात वर केले आणि दोष सांगायला दोषच उरले नाहीत. शिवाय दोर सुटल्यामुळे तळहात मऊ पडत चालले आहेत. तिसरा दोष तर आता लांबून दिसतच नाही.

म्हणून मी तिची रोज तालीम घेते. मी रागावत नाही. चूक शिकवायलाही तीच पद्धत लागते, ताई: एका वेळी एकच पायरी, आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. आधी उशी घेऊन मानेखालचा हात काढायचा सराव. मग कोपर. काथ्याचे एक बंडल मी विकत आणले आहे. ती सकाळी उठल्यावर तो वळते, संध्याकाळी मी सोडवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा वळता येतो. आई मन लावून शिकते. फक्त काल उशी खाली ठेवून म्हणाली, "जन्मात मला कुणी काही शिकवलं नाही. आता तू शिकवतेस, तर चुकायला."

मी तिला समजावले की योग्य आणि अयोग्य या दोन्ही बाजू मिळूनच पाठ पूर्ण होतो, आणि या अर्थाने तीही शिक्षिकाच आहे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "चल, उशी दे."

तुझी धाकटी

३० ऑक्टोबर

ताई,

हे पत्र आईच्याच हाती देते आहे. ती उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येईल. का, ते तिने सांगण्याआधी माझ्याकडून समज, कारण ती क्रमाने सांगणार नाही.

मंगळवारी साहेब स्वतः पाठ बघायला आले होते. वर्षाच्या आत एकदा बघून नेमणूक कायम करायची, असा रिवाज आहे. तालमीचा पुरेपूर उपयोग झाला. आई अगदी मूळची आई दिसत होती. मान लोंबत होती, फडके मळके होते, पाणी कढत. मुलींनी तीन दोष धडाधड सांगितले. चौथ्याला पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि साहेबांकडे बघून तिची वाचाच बसली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. शिक्षिकेने अशा वेळी सुचवायचे नसते, थांबायचे असते. मी थांबले. साहेबांनी घड्याळ काढले. मुलगी रडायच्या बेताला आली.

तेव्हा खालून, व्यासपीठावरून, स्पष्ट सरकारी भाषेत आवाज आला: "नखे कापलेली नाहीत."

उच्चार निर्दोष होता, ताई. माझ्याहून चांगला.

सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. आई त्या मुलीला मानेने खुणावत होती, म्हण, म्हण तू. मुलीने म्हटले. आई पुढे सरकारी भाषेतच म्हणाली, "शाबास. आता पाचवा."

आता मात्र कुणी हसले नाही.

साहेबांनी मला बाहेर बोलावले. ते रागावले नव्हते. त्यांनी मला एखाद्या सहकाऱ्यासारखे समजावून सांगितले. म्हणाले, "ही बाई खराब झाली. दोष जिला माहीत आहेत ती अज्ञानाचा नमुना होऊ शकत नाही. आता ती अडाणीही नाही आणि सुशिक्षितही नाही. अशांचा आम्हाला कुठेच उपयोग नसतो." तर्कात मला खोट काढता आली नाही. पंधरवड्यात दुसरी अस्सल बाई उभी केली तर नेमणूक कायम. नाहीतर फिरता पाठ बंद, आणि मीही.

खोलीवर आल्यावर मी आईला विचारले, "कधीपासून समजत होतं तुला?"

ती काथ्या आवरत होती. "काय?"

"मुली काय बोलतात ते."

"पहिल्या दिवशीच."

"पहिल्या दिवशी तुला भाषा येत नव्हती."

"भाषा कशाला लागते गं? एवढ्या पोरी माझ्या हातांकडे बोटं करत होत्या. ताई दारात उभी होती, तिचा चेहरा दिसत होता. कळलं तेव्हाच. शब्द मागून कळले."

वस्तू आधी, शब्द नंतर. मुख्य बाईंच्या पद्धतीचा इतका निर्विवाद पुरावा मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

"मग तू एवढे महिने बसलीस कशी?"

"तुझं काम होतं ना," ती म्हणाली. आणि काथ्याच्या बंडलाला गाठ मारत, "त्या पोरीचं तोंड पाहवेना. साबणाने धुतील असं वाटलं तिला."

ताई, आता विनंती. नीट विचार करून उत्तर दे. तुझे दुसरे बाळ आता महिन्याचे झाले आहे. ते अगदी योग्य वय. तू यावेस.

तुझी धाकटी

७ नोव्हेंबर

ताई,

इतक्या महिन्यांनी तुझे अक्षर पाहिले आणि आनंद झाला. ओळ एकच असली तरी सुवाच्य आहे. "मला वाचता येतं, हे विसरलीस का?"

विसरले नाही. ही अडचण मी आधीच विचारात घेतली आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे. समजावते.

वाचता येणाऱ्या बाईला तिची नजर उघडी पाडते. फळ्यावर अक्षर उमटले की डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात. ते आपल्या हातात नसते. म्हणून तुला फळ्याकडे पाठ करून बसवीन. मुली बोलतील तेव्हा कळल्याचे चेहऱ्यावर दिसते ते भुवयांपाशी. त्यावर उपाय म्हणजे बाळाकडे पाहत राहणे. कुणी थेट तुला प्रश्न केला तर लगेच "अं?" म्हणू नये, थोडे थांबून माझ्याकडे पाहावे. आईची चूक अशी झाली की तिला मुलीची दया आली. तू मुलींकडे बघूच नकोस.

भाऊजींशी मी बोलेन. आईकडे मोठा राहील. ती पुन्हा दोरखान्यात जाते आहे असे कळले; मुकादमाने तिला घेतले, माझ्या आशेवर घेतले असणार. पंधरवडा संपायला आता फार दिवस नाहीत. तू आली नाहीस तर मी त्याच्या घरी जाईन आणि बाकी सगळे वाया जाईल. 'सगळे' म्हणजे काय, ते तुझ्याइतके कुणाला माहीत नाही.

तू म्हणशील, मला जमणार नाही. जमेल. तू हे पूर्वी केले आहेस.

एका घरातून एकाच मुलीला फुकट घेतात, हा नियम मी शाळेत जाण्याजोगी झाले तेव्हाही होता. तेव्हा मुख्य बाईंनी तुला फळ्यापाशी उभे करून भागाकार घातला. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, आईने मला हात धरून आणले होते. तू खडू घेऊन नुसती उभी राहिलीस. बाई म्हणाल्या, "येत नाही?" तू मान हलवलीस. त्यांनी त्याहून सोपा घातला. तरी नाही. "चार वर्षं फुकट गेली हिची," असे त्या आईला म्हणाल्या, आणि तुझी जागा मला दिली.

घरी सगळे म्हणत राहिले की थोरलीला डोके नाही. मीही म्हणत आले. पण बाकाच्या उंचीवरून मला तुझा दुसरा हात दिसत होता, ताई, पाठीमागे धरलेला. अंगठ्याने तू बोटांच्या पेरांवर भागाकार करत होतीस. उत्तर बरोबर आले तेव्हा अंगठा थांबला. आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटले नाही.

इतके परिपूर्ण अज्ञान मी त्यानंतर कुठेही पाहिलेले नाही. एवढेच पुन्हा करायचे आहे, आणि या वेळी तुझे हात बाळाला धरण्यात गुंतलेले असतील, त्यामुळे तेही अडचणीचे ठरणार नाहीत.

आजपासून नखे कापू नकोस.

तुझी धाकटी